बाई, नाकं उघडी पडली!

तुम्हाला म्हणून सांगते, पण २०२२च्या पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर मी जे पाहिलं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. माणसांनी चक्क तोंडं उघडी टाकली होती. एकदोघांनी नव्हे, अख्ख्या डोंबिवलीने. नाकं, ओठ, हनुवट्या, मिशा, सगळं भर उन्हात! बायका नऊवारी नेसलेल्या, पदर पिनांनी चापून बसवलेला, डोळ्यांवर गॉगल, बुलेटवर स्वार. अंगावर नऊ वार कापड आणि तोंडावर वीतभर चिंधी नाही. वर्षभरापूर्वी असं कोणी समोर आलं असतं तर मी रस्ता ओलांडून पलीकडे पळाले असते. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. इतकंच नाही, माझा स्वतःचा मास्क हनुवटीवरून पर्समध्ये कधी गेला ते मलाही कळलं नाही.

त्याला परवानगी होती म्हणा. गुरुवारी, ३१ मार्चला मंत्रिमंडळाने ठरवलं की शनिवारी, २ एप्रिलला, गुढीपाडव्यापासून राज्यातले कोरोनाचे सगळे निर्बंध उठणार आणि मास्क ऐच्छिक होणार. नेमका मध्ये १ एप्रिल आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच वाद: बातमी खरी की एप्रिल फूल? सरकारवर विश्वास होता, फॉरवर्ड करणाऱ्यावर नव्हता. आणि ‘ऐच्छिक’ हा शब्द तरी काय! शाळेत चित्रकला ऐच्छिक असायची, तेव्हापासून आम्हाला त्याचा एकच अर्थ ठाऊक: आता हे कोणी करणार नाही.

डोंबिवलीची पाडव्याची स्वागतयात्रा १९९९पासूनची. गणेश मंदिर संस्थानने सुरू केलेली, मग ठाणं, गिरगाव, सगळीकडे तिचं लोण गेलं. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं ती निघालीच नाही. त्यामुळे २०२२ला ढोलवाल्या पोरांनी ढोल असे बडवले की जणू मागची दोन वर्षं त्याच चामड्यात भरून ठेवली होती. लेझीमवाल्यांचा दम दहाव्या मिनिटाला संपला. पण दात किती दिसत होते! दोन वर्षं कोणी कोणाचे दात पाहिले नव्हते, त्यामुळे जो तो दाखवत सुटला होता. सेल्फीसाठी ओठांचा चंबू करायची कला मुली विसरल्या असतील असं मला वाटलं होतं. छे! सायकलसारखंच असतं ते.

नाकांची भानगड मात्र वेगळीच झाली. बी विंगमध्ये एक जोडपं २०२०च्या दिवाळीत राहायला आलं. त्या मुलीचे डोळे फार सुंदर. लिफ्टमध्ये भेटायची, डोळ्यांनी हसायची. त्या डोळ्यांच्या भरवशावर मी तिला मनातल्या मनात चाफेकळी नाक बसवून दिलं होतं, पातळ ओठ दिले होते, हनुवटीवर एक तीळसुद्धा. पाडव्याला ती समोर आली. आता कोणाच्या नाकाबद्दल बोलू नये, पण माझा अंदाज साफ चुकला. सर्वांत वाईट म्हणजे तीही माझ्याकडे तशीच बघत होती. तिनेही माझ्यासाठी कुठलं तरी नाक योजून ठेवलं असणार. क्षणभर आम्ही दोघी एकमेकींची माफी मागावी तशा उभ्या होतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे पुढचे दोन दात २०२०च्या पावसाळ्यात पडले. “मास्कच्या आत कोण बघतंय” म्हणून त्यांनी ते लावून घेतलेच नाहीत. निर्बंध उठल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते दंतवैद्याकडे गेले तर तिथे ही रांग. डोंबिवलीत एवढे दात पडून होते, हे महामारीच्या कुठल्याच आकडेवारीत आलेलं नाही.

आणि पुण्याकडच्या त्या हौशी गृहस्थांनी २०२०मध्ये जवळजवळ तीन लाखांचा सोन्याचा मास्क करून घेतला होता, आठवतंय? आता त्याचं काय करायचं? मोडीत काढावा तर हौस मोडते, ठेवावा तर कशाच्या खाली? आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडेही पैठणीचा मास्क आहे, त्यावर मोत्यांची नथ भरलेली. नाक झाकलेलं आणि नथ बाहेर! तो त्यांनी लोकरीच्या कपड्यांसोबत डांबरगोळ्या घालून ठेवला आहे. “परत लागला तर?” म्हणतात. तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही.

खरा धक्का बसला तो आमच्या सेक्रेटरींना. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पासबुकं भरून देण्यात आयुष्य गेलं. मार्च २०२०मध्ये त्यांना एकाएकी राज्य मिळालं. दूध गेटवर, पेपर बंद, कामवाल्या बाया बाहेर, पाहुण्याला जिन्यात मज्जाव. हातात थर्मल गन आली तेव्हा तर ते चालायचेच वेगळे. ज्या साथरोग कायद्याच्या जोरावर हे सगळं चाललं होतं तो १८९७चा, प्लेगच्या वेळचा. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर लोक इतके चिडले की तो बंदोबस्त पाहणाऱ्या रँडसाहेबाचा बळी गेला. आमच्याकडे संतापाची मजल फार तर ग्रुप सोडण्यापर्यंत गेली, आणि तेही गृहस्थ तीन दिवसांनी परत आले, पाण्याच्या टँकरची वेळ कळेना म्हणून.

३ एप्रिलला सकाळी सेक्रेटरी नेहमीसारखे गेटवर उभे होते. पेपरवाला मुलगा शीळ घालत गेला. इस्त्रीवाला गेला. कोणी कपाळ पुढे केलं नाही. शेवटी त्यांनी गन स्वतःच्या कपाळाला लावली, आकडा वाचला आणि रजिस्टरमध्ये लिहिला. मी गॅलरीतून पाहिलं. दुपारी ग्रुपवर सूचना आली: “आवारात मास्क ऐच्छिक असला तरी अनिवार्य आहे.” त्याला एकोणीस अंगठे आले. मास्क एकाच्याही तोंडावर आला नाही. पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड होता, त्यावर आता मनी प्लँट ठेवलाय. वाण्याच्या दुकानासमोर अंतर ठेवायला आखलेल्या पांढऱ्या गोलांत पोरं लंगडी खेळतात.

आता तुम्ही म्हणाल, निर्बंध उठले म्हणून एवढं काय? लोकांनी ते केव्हाच उठवले होते. ते खरंच आहे. ४ मे २०२०ला दारूची दुकानं उघडली त्याच दिवशी कळलं होतं की आपल्याकडे शिस्तीत रांग लावता येते, फक्त रांगेच्या टोकाला काय आहे ते महत्त्वाचं. मग जूनअखेर सलून उघडली: केस कापा, दाढी करू नका. २०२१मध्ये पाच स्तरांचं अनलॉक आलं, तेव्हा भाजीवाल्यापासून भटजींपर्यंत जो तो आपण कितव्या स्तरात आहोत यावर प्रवचन देत होता. दादर स्टेशनबाहेर खांबाआड पालिकेचा मार्शल पावतीपुस्तक घेऊन उभा आणि त्याला पाहून दोनशे रुपये दंडाच्या धाकाने शंभर मास्क एकदम नाकावर, सासरे खोलीत आल्यावर पदर डोक्यावर जावा तसे. मार्शल मागे पडला की पदर खांद्यावर.

म्हणजे उठलं ते काही वेगळंच, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी काढते. आपली सबब उठली हो! दोन वर्षं आपल्याकडे अशी सबब होती की जिला तोड नाही. “यायचं फार मनात होतं, पण बघताय ना परिस्थिती!” बस्स. पूर्वी नाही म्हणायला गुडघा दुखवावा लागे, मुलाची परीक्षा आणावी लागे, आणि कुठल्या घरी कुठला गुडघा सांगितला ते लक्षात ठेवावं लागे. ‘परिस्थिती’ एका शब्दात भागवायची. समोरचाही हुश्श करायचा, कारण त्यालाही आपण नकोच असायचो. एप्रिल २०२१मध्ये सरकारने लग्नाला २५ माणसं, दोन तास आणि मोडलं तर ५० हजार दंड असा नियम केला, तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि आत जाऊन पेढा खाल्ला. आमच्या जिन्यातल्या एका वरबापाने तर बोलून दाखवलं की आत्येभावाला न दुखावता टाळण्याचा योग सात पिढ्यांत पहिल्यांदा आला. आम्ही ते लग्न लिंकवर पाहिलं. हे वरून शर्ट, खाली बर्म्युडा. अक्षता मी लॅपटॉपवर टाकल्या. ‘एंटर’च्या खाली त्यातली एक अजून आहे.

आणि आता? आता २०२२चा मे महिना आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजवर एका चुंबकाखाली पाच पत्रिका आहेत. २०२०ची नवरी, २०२१ची नवरी आणि यंदाची नवरी, तिघी एकाच हॉलच्या मागे. केळवणांनी लोकांची पोटं बिघडली आहेत. त्यात नवीन टूम म्हणजे राहिलेलं रिसेप्शन. तेव्हा पंचवीसांत जे बसले नाहीत त्या सगळ्यांना आता बोलावणं. परवा एकाला गेलो, तर, शिव शिव शिव, सजवलेल्या खुर्चीत नवरी आणि नवरीच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ! फोटोग्राफर सांगतोय, “बाळाला जरा साइडला धरा, हार दिसू दे.” काकूंना प्रश्न पडला की आहेर लग्नाचा द्यायचा की बारशाचा. दोन्ही एकाच पाकिटात घातले, आणि वरचा रुपया मात्र एकच.

पण काकूंची खरी पंचाईत निराळी आहे. सबबीच्या काळात नुसती लग्नंच राहिली नाहीत. भेटून यायचंही राहिलं. २०२१च्या एप्रिलात त्यांचे मावसभाऊ गेले, ठाण्याला. तेव्हा जाण्याचा प्रश्नच नव्हता. फोन झाला, मेसेज झाला, हात जोडलेलं चित्र झालं. आता परिस्थिती नाही, म्हणजे जायला हवं. मला सोबत घेतलं.

वहिनींनी दार उघडलं. काकूंनी चेहरा तयार ठेवला होता, पण वर्षश्राद्धही होऊन गेलेलं, घरात कोणाचाच चेहरा तयार नव्हता. नातू कार्टून बघत होता. पाच मिनिटं आम्ही पंख्याकडे बघत बसलो. मग वहिनीच म्हणाल्या, “कोणी आलंच नाही ना तेव्हा, मग रडायचं राहूनच गेलं बघा. कोणासमोर रडणार? नंतर कुकर, औषधं, बँकेचे कागद...” आणि मग रडल्या. काकू रडल्या, ओळख ना पाळख, मीही रडले. आणि डोळे पुसून वहिनी उठल्या त्या आतून आमरसाच्या वाट्या घेऊन आल्या. “ह्यांना पायरीचाच लागायचा,” म्हणाल्या. समाचाराला जाऊन आमरस खाणं शोभतं का? काकूंनी दुसरी वाटी मागून घेतली. तुम्ही कोणाला सांगू नका.

उतरताना काकूंनी डायरी काढली. परवा सकाळी भांडुपला आणखी एक राहिलेलं भेटणं, गुरुवारी मुलुंड. आणि त्याच संध्याकाळी डोंबिवलीत साखरपुडा. त्यासाठी त्यांनी घरूनच अशी साडी नेसली होती की जी दुःखालाही चालेल आणि सनईलाही: बदामी रंग, किरकोळ काठ. परतीच्या लोकलमध्ये, दिवा स्टेशनला बायकांच्या डब्यात जरा गर्दी हलली तशी त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून हातरुमालात गुंडाळलेली चापाची नथ काढली, माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून नाकात बसवली आणि मान तिरकी करून मला विचारलं,

“सरळ बसलीय का गं? दोन वर्षं सवय नाही नाकाला.”