जिजाजींची कोल्ड कॉफी

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघरात शिरणारा पुरुष दिसला, तर दोनच शक्यता असतात. एक तर हाका मारूनही त्याला कोणी पाणी आणून दिलेलं नाही; नाहीतर तो कोल्ड कॉफी करणारा गृहस्थ आहे. पहिला तांब्या उचलून निघून जातो. दुसरा तासभर हलत नाही.

हा दुसरा साधारण चाळिशीचा असतो. बँकेत, बी-बियाण्यांच्या दुकानात किंवा ठिबकच्या कारखान्यात कामाला. राहायला जळगाव, सासुरवाडी धुळ्यात, देवपुरात. ऑफिसात त्याला कोणी काहीही म्हणो, सासुरवाडीला तो 'जिजाजी', आणि त्याची कला बहरते ती तिथेच. तरुणपणी तो इंजिनीअरिंगला पुण्यात होता. चार वर्षांत शिकलेलं थर्मोडायनॅमिक्स परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच उडून गेलं. टिकलं ते कोथरूडला एमआयटीजवळच्या 'दुर्गा'च्या कोल्ड कॉफीचं ज्ञान. "पुण्यात आम्ही..." अशी त्याने सुरुवात केली की बायको मुकाट्याने उठते आणि फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे लावलाय की नाही ते पाहून येते.

जिजाजींना स्वयंपाकाची आवड नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. डिसेंबर-जानेवारीत शेतातल्या भरीत पार्टीला ते सगळ्यांच्या पुढे असतात. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, बामणोदची हिरवी वांगी त्यात लोटायची, ती भाजेस्तोवर हात शेकत राजकारण बोलायचं. वांगी सोलायची आणि बडगीत ठेचायची वेळ आली की त्यांना नेमका फोन येतो, तो भाग वेगळा. मग मे महिना उजाडतो, पारा पंचेचाळिशी ओलांडतो (भुसावळकर म्हणतील, एवढंच?), आणि जिजाजींची पाककला शेतातून उठून फ्रीजपाशी येते. थंडीत जाळापाशी, उन्हाळ्यात बर्फापाशी. निसर्गाशी इतकं जुळवून घेणारा आचारी मी दुसरा पाहिला नाही. आखाजीला खापरावरचे मांडे भाजणं, रोजच्या कळण्याच्या भाकरी थापणं ही खाती त्यांनी मोठ्या मनाने बायकांकडे राहू दिली आहेत.

तर आखाजी झालेली असते. माहेरी आलेल्या बायकोला न्यायला जिजाजी एरंडोल, पारोळा करत धुळ्यात पोचतात. आमरस-मांडे होतात, कूलरसमोर एक झोप होते आणि चारच्या सुमारास घोषणा होते, "आज चहा नको. आज मी कॉफी करतो."

'मी करतो' याची फोड करून सांगायला हवी. म्हशीचं दूध आदल्या रात्री तापवून, निववून, फ्रीजमध्ये ठेवायचं काम बायकोने केलेलं असतं. बर्फ तिनेच लावलेला असतो. साखरेचा डबा कुठे, चमचा कुठे, मिक्सरचं मधलं भांडं कुठे, हे प्रश्न जिजाजी विचारतात. उत्तरं घरातल्या बायका देतात. आणि सगळं ओट्यावर मांडून झालं की ते म्हणतात, "जरासं कोमट पाणी लागेल." म्हणजे ज्या एका पदार्थासाठी गॅस पेटवायचा नाही असं ठरलं होतं, त्याच्यासाठीही गॅस पेटतोच. फक्त त्याच्यासमोर जिजाजी नसतात.

त्यांचं शास्त्र मात्र पक्कं. कॉफीची पावडर थेट थंड दुधात टाकली तर ती नीट विरघळत नाही, गुठळ्या होऊन वर तरंगते. म्हणून आधी दोन चमचे कॉफी, चार चमचे साखर आणि चमचा-दोन चमचे कोमट पाणी कपात घेऊन फेटायचं. काळपट लगदा फेटता फेटता बदामी होतो, फुगतो. साखरेच्या दाट पाकामुळे त्यात हवेचे बुडबुडे धरून राहतात. हे समजावून सांगेपर्यंत जिजाजींचा हात दुखायला लागतो आणि कप शालकाच्या मुलाकडे जातो. 2020 च्या टाळेबंदीत हीच फेटलेली कॉफी 'डालगोना' म्हणून जगभर गाजली, तेव्हा जिजाजी फार दुखावले होते. "होस्टेलला आम्ही हेच करायचो. कोरियाने नाव लावलं."

साखरेवरून चर्चा ठरलेली. थंडपणाने जिभेला गोडी कमी कळते, शिवाय बर्फ वितळून पाणी वाढतं, म्हणून गरम कॉफीपेक्षा साखर जास्त लागते, असं जिजाजींचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. सासरे मधुमेही. ते पेपराआडून सांगतात, "माझ्या ग्लासात साखर टाकू नका. आइस्क्रीम चालेल."

याच वेळी सुरतेचे साडू तोंड उघडतात. उधन्याला निम्मा खान्देश नांदतो, त्यामुळे प्रत्येक देवपुरी घरात एक सुरतेचे साडू असतातच. "आमच्याकडे सुरतेला कोल्ड कोको पितात," ते म्हणतात. "चमचा उभा राहतो, इतका घट्ट." जिजाजी क्षणभर विचलित होतात, मग कृती विचारून घेतात. दूध उकळायचं, कोको आणि कॉर्नफ्लोअर लावून सारखं ढवळत आटवायचं, मग गार करायचं. "म्हणजे गॅससमोर उभं राहायचं?" एवढं विचारून जिजाजी वाद जिंकतात.

रावेरकडचा कोणी पाहुणा असला तर तो केळं घालायला सुचवतो. जळगावच्या केळ्याला आणि भरिताच्या वांग्याला, दोघांनाही 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जिजाजी वांग्याच्या पक्षाचे. "केळं घातलं की तो शेक झाला. मग कॉफी कशाला म्हणायचं?" केळं पाहुण्यालाच सोलून देण्यात येतं.

आता मिक्सरमध्ये दूध, फेटलेली कॉफी आणि बर्फ पडतो, जिजाजी झाकणावर तळहात दाबतात, बटण फिरवतात, आणि लाईट जाते.

मे महिन्यात, दुपारी चारला, धुळ्यात लाईट जाणं ही बातमी नव्हे. पण जिजाजींचा चेहरा दर वेळी तितकाच पडतो. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, मिक्सर नाही. सासूबाई ताकाची रवी पुढे करतात. ती रवी पाहून जिजाजी दुखावतात. मग त्यांना ग्रीस आठवतं. 1957 साली थेस्सालोनिकीच्या प्रदर्शनात एका माणसाला कॉफीची तलफ आली. तो नेस्लेच्या प्रतिनिधीच्या हाताखाली काम करायचा. गरम पाणी काही मिळेना. तेव्हा त्याने मुलांच्या चॉकलेटच्या पेयासाठी आणलेल्या शेकरमध्ये कॉफी, थंड पाणी आणि बर्फ घालून खळखळून हलवलं. तेच पुढे 'फ्रापे' म्हणून अख्खा ग्रीस पिऊ लागला. जिजाजी हे इतक्या तन्मयतेने सांगतात की बर्फ निम्मा विरघळतो. सासूबाई शांतपणे ऐकून घेतात आणि अहिराणीत एकच शंका काढतात, "त्यानी बायको कोठे गयेल व्हती?"

जिजाजी ते ऐकलंच नाही असं दाखवतात. मुलांच्या शाळेच्या पाण्याच्या बाटल्या येतात, त्यात मिश्रण भरलं जातं, आणि चार पोरं गच्चीच्या जिन्यात उड्या मारत बाटल्या हलवतात. जिजाजी खालून सूचना देतात.

अर्ध्या लिटर दुधाची कॉफी चौदा माणसांत वाटायची, हा हिशेब कोणी आधी केलेला नसतो. काचेचे उंच ग्लास सहा. त्यांच्या आतल्या बाजूने जिजाजी चॉकलेट सॉसच्या रेघा स्वतः ओढतात. एवढं एक काम ते कोणाला देत नाहीत. फोटो या सहांचाच निघतो आणि कॉफी ओठाला लागायच्या आत स्टेटसला लागतो. उरलेल्यांना स्टीलच्या पेल्यातून, फेसासकट दोन घोट.

सासूबाईंचा पेला मात्र भरलेला असतो. जावयाचा मान. कॉफी म्हणजे त्यांच्या लेखी औषध: ताप उतरल्यावर किंवा सर्दी झाल्यावर, उकळून, जायफळ उगाळून, तेही दुपारनंतर नाही. त्या पेला घेऊन "आलेच" म्हणत आत जातात. आत दोन्ही सुना आणि जिजाजींची बायको, दूध सांडलेला ओटा, मिक्सर, कप, चमचे आणि चार बाटल्या धूत असतात. सासूबाई पेला पातेल्यात रिकामा करतात, सुनांच्या वाट्याचे घोटही त्यातच ओततात, वरून घरचं दूध घालतात, गॅस पेटवतात, जायफळ किसतात. दोन उकळ्या आल्यावर चौघींना अर्धा-अर्धा कप मिळतो.

बाहेर जिजाजींना जायफळाचा वास येतो, पण आमरसाचा असेल असं धरून ते स्टेटस कोणी कोणी पाहिलं ते मोजत बसतात. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्यावर ते विचारतातच, "कशी झाली?"

"चांगली व्हयनी, पाव्हना," सासूबाई म्हणतात. "जराखी थंडी व्हती, तेवढंच."