मंजूर भार

सांगलीला आमच्या सासुरवाडीत नेट लागतं ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. दुसरीवर लागत नाही, चौथीवर लागून जातं. पाहुणे आले की सासूबाई पाणी देतात, चहा देतात आणि ‘मेसेज बघायचे असतील तर तिसऱ्या पायरीवर बसा’ असंही सांगतात. गणपतीत त्या एका पायरीवर मी, मेहुणा आणि शेजारचा बारावीतला मुलगा असे तिघं अंग चोरून बसलो होतो. समोर हॉलमधल्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, क्रोशाचा रुमाल पांघरून राऊटर बसला होता.

‘‘नाना, राऊटर बदलायला झालाय,’’ मी म्हणालो.

नानांनी रुमालाचं टोक उचललं, आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. ‘‘दिवे लागतायत की.’’

नाना म्हणजे माझे सासरे. वीज मंडळात कनिष्ठ अभियंता होते. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्याच्या वर्षभर आधी ते निवृत्त झाले, त्यामुळे त्यांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च आहे. खिशात कायम टेस्टर, देवळात जातानासुद्धा. विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार: जिचा दिवा लागतो ती आणि जिचा लागत नाही ती. पहिल्या प्रकारातल्या वस्तूला कुणी ‘जुनी झाली’ म्हटलं, की धडधाकट माणसासमोर त्याच्या तेराव्याचा मेनू ठरवल्यासारखं त्यांना लागतं.

ही जमात मोठी आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड असेल, फ्रिजच्या हँडलला झालरीचं कव्हर असेल, माळ्यावर मिक्सर नसला तरी मिक्सरचं खोकं असेल, तर त्या घरात एक नाना आहेत असं समजावं. यांनी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षं काढली, टेलिफोनसाठी वर्षं काढली. घरात येणारी वस्तू ही यांच्याकडे सुनेसारखी येते, एकदा आली की परत पाठवायची नसते. पुण्याला आम्ही दर दोन वर्षांनी मोबाइल बदलतो, हे मी नानांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या हिशेबी माझा २०१७चाच फोन चालू आहे आणि ‘जावईबापू वस्तू जपून वापरतात’ अशी माझी गावात ख्याती आहे.

राऊटर आला जून २०११मध्ये. नानांचा पुतण्या तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याने तो आणला, जोडला, नेटवर्कला नाव दिलं आणि पासवर्ड टाकला. पासवर्डात एका मुलीचं नाव आहे आणि पुढे १४३. नानांची समजूत, तो कंपनीकडूनच आला. नाव मॉडेलचं आणि १४३ हा सिरियल नंबर. कुणी ती समजूत दूर केली नाही. पुतण्याचं पुढे लग्न झालं, भलत्याच मुलीशी, आणि ती दोघं डब्लिनला गेली. इकडे सासूबाईंच्या भजनाच्या टॅबपासून फाटकावरच्या कॅमेऱ्यापर्यंत सगळ्या उपकरणांत ती पहिली मुलगी मात्र गुण्यागोविंदाने नांदत राहिली.

नानांनी राऊटरची जी सेवा केली, ती पाहायला हवी होती. दर रविवारी सकाळी सात वाजता प्लग काढायचा आणि तीस आकडे मोजायचे. ‘‘कॅपॅसिटर रिकामा होऊ द्यावा, घाई करू नये.’’ ॲडॉप्टर दोनदा गेला. दोन्ही वेळा त्यांनी जुन्या बाजारातून ९ व्होल्टचा शोधून आणला आणि मल्टिमीटरने आधी प्लस-मायनस तपासूनच लावला. अँटेना बुडख्याशी मोडली तेव्हा एम-सील. मे महिन्यात खाली कॉम्प्युटरचा छोटा पंखा. खंडेनवमीला टेस्टर, पक्कड, मल्टिमीटर यांच्या रांगेत राऊटरलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. त्या दिवशी हवा जायच्या फटीत पाकळ्या अडकून तो तापायचा आणि दुपारपर्यंत बंद पडायचा. ‘‘आज त्यालाही सुट्टी,’’ असं नाना म्हणायचे.

लॉकडाऊनमध्ये घरात फायबर आलं. जोडणाऱ्या मुलाने फायबरचा डबा भिंतीला लावला आणि ‘सोबत नवीन राऊटर देऊ का’ विचारलं. नानांनी रुमाल बाजूला केला. ‘‘आहे आमच्याकडे.’’ त्या मुलाने राऊटरकडे पाहून जे तोंड केलं, त्याचा अर्थ नानांनी आदर असा लावला.

जावयाला सासुरवाडीत काम सांगत नाहीत. मी शोकेसच्या दिशेने दोन पावलं टाकली की ‘बसा हो तुम्ही’ म्हणून कपबशी पुढे यायची. त्यामुळे गणपतीत नाना दुपारी आडवे झाल्यावर मी चोरासारखा लॅपटॉप घेऊन राऊटरच्या आतल्या पानावर शिरलो. शिरायला काही कौशल्य लागलं नाही. नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड ‘ॲडमिन’. तेरा वर्षं दाराला कुलूप आणि किल्ली कुलपालाच. मी जोडलेल्या उपकरणांची यादी वाचत होतो तेवढ्यात मागे चाहूल लागली.

‘‘काय बघताय?’’

आता लपवण्यात अर्थ नव्हता. ‘‘नाना, हा आणला तेव्हा घरात किती उपकरणं होती?’’

‘‘कॉम्प्युटर एक. पोराचा लॅपटॉप एक.’’

‘‘आता सतरा आहेत.’’

नाना खुर्ची ओढून बसले. मी एकेक वाचत गेलो. मोबाइल, टॅब, टीव्ही, कॅमेरा, वरच्या भाडेकरूंचे तीन. शेवटी दोन अशी निघाली, की घरात कुणाची ती कळेना. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारचा बारावीतला मुलगा त्यांच्या कट्ट्यावर बसून मोबाइलमध्ये हसत होता.

‘‘आकडा!’’ नाना उभेच राहिले. चौतीस वर्षं तारांवर टाकलेले आकडे काढण्यात घालवलेला माणूस, आणि आकडा निघाला तो त्यांच्याच शोकेसमध्ये.

मी लोखंड तापलेलं पाहिलं. फायबरच्या डब्याला लॅपटॉप थेट वायरने जोडून वेग मोजला: ९४. योजना १०० एमबीपीएसची. मग लॅपटॉप घेऊन तिसऱ्या पायरीवर गेलो: ४. दोन्ही आकडे त्यांना दाखवले. नानांनी चष्मा वर केला आणि सवयीने, कुणा ग्राहकाला ऐकवावं तसं म्हणाले, ‘‘मीटरपर्यंत पूर्ण येतंय, म्हणजे बोर्डाचा दोष नाही. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी.’’

म्हणाले आणि गप्प झाले. आपलंच वाक्य आपल्याच घरात पडलेलं त्यांना ऐकू आलं असावं.

‘‘मंजूर भार दोनचा,’’ मी हळूच म्हणालो, ‘‘चालतायत सतरा.’’

पुढचा तासभर मला नाना विचारत होते आणि मी बोर्डाच्या भाषेत उत्तरं देत होतो. हा राऊटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. गल्लीतले सगळे त्याच तिघांवर. ‘‘म्हणजे तीन फीडर आणि अख्खं विश्रामबाग त्यावर,’’ नाना म्हणाले. मायक्रोवेव्हही त्याच लहरींच्या आसपास चालतो. हे मी सांगताच सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘ते मला ठाऊक आहे. दूध तापेपर्यंत डब्लिन दिसत नाही.’’ नव्या राऊटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा रस्ता असतो. रुंद आणि मोकळा, पण भिंत आली की दमतो, म्हणून ठेवायचा घराच्या मध्यावर आणि उंचावर, टीव्हीमागे नाही. शिवाय जुना एकेका प्रवाशासाठी वेगळी एसटी सोडतो, वायफाय ६वाला नवा एकाच एसटीत बऱ्याच जणांना बसवतो. जुन्याला कंपनीने सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं केव्हाच थांबवलंय, हेही सांगितलं.

‘‘म्हणजे वॉरंटी संपली. माझीही संपलीय,’’ नाना म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

खरेदी दसऱ्याला झाली, कारण वस्तू घ्यायची तर मुहूर्तावर. दुकानदाराने चार अँटेनांचा राऊटर समोर ठेवला. ‘‘चार? दोनाला काय धाड भरली?’’ मग त्यांनी ॲडॉप्टर उलटा करून वाचला: १२ व्होल्ट, १ अँपिअर. खिशातलं पेन काढून बिलाच्या पाठीवर हिशेब केला. पूर्ण भार धरला तर वर्षाला १०५ युनिट. जुन्याला ४७. ‘‘वरच्या अठ्ठावन्न युनिटचं काय?’’ दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नाना, ते माझ्याकडून. जावयाच्या तोंडून हे ऐकून ते इतके ओशाळले की घासाघीस न करता साडेतीन हजार मोजून मोकळे झाले. त्यांच्या आयुष्यातली ही अशी पहिली खरेदी.

बसवण्याचं काम मात्र त्यांनी कुणाला करू दिलं नाही. जिन्याच्या भिंतीवर, घराच्या बरोब्बर मध्यावर, पेन्सिलने खूण. स्पिरिट लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा केसभर डावीकडे होता, खूण पुसली, पुन्हा केली. ड्रिल, रावळप्लग, स्क्रू. फायबरच्या डब्यापासून केबल केसिंगच्या पट्टीतून अशी सरळ आणली, की ती पट्टी घर बांधताना टाकलेली वाटावी. शेवटच्या स्क्रूला अर्धा आटा देऊन ते मागे सरकले आणि मान तिरकी करून पाहत राहिले. सासूबाई रुमाल घेऊन आल्या होत्या. नानांनी हात आडवा धरला. ‘‘नको. हवा लागू दे त्याला.’’

फक्त एका गोष्टीवर ते अडून बसले. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जुनाच. मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण त्यात तांत्रिक चूक काही नव्हती. नाव आणि पासवर्ड तेच ठेवले की सगळी उपकरणं आपोआप जोडली जातात, एकेकाला पुन्हा शिकवावं लागत नाही. आकडा टाकणाऱ्यालाही नाही, हे मी बोललो नाही.

वेग वरच्या खोलीत ६०वर गेला. तिसरी पायरी ओस पडली. जुना राऊटर मूळ खोक्यात घालून माळ्यावर गेला. खोक्यावर नानांच्या टपोऱ्या अक्षरात: ‘सेवेत जून २०११. निवृत्त दसरा २०२४. कारण: भारवाढ.’ भंगारात द्यायचा विषय मी काढला नाही. निवृत्त माणसासमोर काढू नये.

डिसेंबरात पुतण्या बायकोला घेऊन पहिल्यांदाच सांगलीला आला. मीही होतो. बाकरवडी झाली, डब्लिनच्या थंडीचं झालं. मग सूनबाईंनी मोबाइल काढला. ‘‘नानाकाका, वायफायचा पासवर्ड?’’

मी पुतण्याकडे पाहिलं. तो बाकरवडीत होता.

नानांना पासवर्ड पाठ होता, पण बोर्डाच्या सवयीने त्यांनी डायरी उघडली, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात, सबस्टेशनला फोनवरून सांगावं तसं सांगायला घेतलं. ‘‘लिहा. व्ही फॉर विटा. ए फॉर आष्टा. आय फॉर इस्लामपूर.’’

पुतण्याच्या हातातली बाकरवडी तशीच राहिली.

‘‘एस फॉर शिराळा. एच फॉर हरिपूर. ए फॉर आटपाडी. एल फॉर...’’ जिल्ह्यात ‘एल’चं गाव नानांना चटकन सापडेना.

‘‘वैशाली?’’ सूनबाई म्हणाली. ती नानांकडे बघत नव्हती.

‘‘बरोब्बर. पुढे १४३,’’ नाना म्हणाले. ‘‘सगळं स्मॉलमध्ये, कॅपिटल काही नाही.’’