सफाईत हरवलेली सारंगी

डिसेंबर 2015 मध्ये युनेस्कोने वाराणसीला संगीतनगरीचा मान दिला. त्याच बनारसचे जुने गाणे आज फोनवर ज्या रूपात ऐकू येते, ते ऐकून राग येतो. चित्रावर ‘रीमास्टर्ड’ अशी ठळक अक्षरे, खाली रसूलनबाई किंवा सिद्धेश्वरीदेवी एवढेच नाव. सारंगी पाण्याखाली गेल्यासारखी, तानपुरा गायब आणि सगळ्यावर नव्याने चढवलेला घुमारा. ही नासधूस आहे, आणि तिला जतन म्हणणे थांबले पाहिजे.

जुन्या तबकडीची खरखर काढूच नये, असे माझे म्हणणे नाही. ती येते कुठून ते मात्र समजून घ्यावे. 78 ची तबकडी बनायची लाखेपासून. रसूलनबाई ज्या मिर्झापूर जिल्ह्यात जन्मल्या, ते मिर्झापूरच एके काळी लाखेच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळत. ती पूड पोलादी सुईला घासून खाचेच्या मापाची करी, आणि तिच्याच कणांवरून सुई फिरताना खरखर उठे. म्हणजे खरखर त्या पदार्थातच आहे. जाणकार माणूस आधी तबकडी नीट धुतो. स्पिरिट लावत नाही, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मग रुंद खाचेला बसेल अशी जाड सुई निवडतो. एलपीची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि गाण्यापेक्षा कचराच जास्त उचलते. निम्मी खरखर इथेच कमी होते. त्यानंतर संगणकावर एकेक टकटक शोधून काढायची. हे काम वेळखाऊ आहे, आणि ते मनापासून करणाऱ्यांना माझा नमस्कार.

बहुतेकांना मात्र हा वेळ द्यायचा नसतो. संगणकावर एक बटण दाबले की सगळा ‘सूं’ आवाज एका फटक्यात जातो. पण त्या ‘सूं’च्याच पट्ट्यात तानपुऱ्याची जवारी असते, सारंगीवर गज फिरताना होणारा घासा असतो, गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ असतात. बनारसच्या ठुमरीत एकच बोल दहा तऱ्हांनी सांगायचा असतो, सगळी कला त्या सांगण्यात. उच्चाराची धार गेली की बोलबनाव राहतोच कुठे? शहनाईच्या पत्तीवरची फुंक पुसली तर बिस्मिल्ला खाँसाहेबांचा सूर उरतो, त्यातला माणूस उरत नाही.

दुसरा गुन्हा वेगाचा. तबकडी ‘78’ची म्हटली तरी सुरुवातीच्या काळात वेग एकसारखा नसे. कुठे सत्तरच्या आसपास, कुठे ऐंशीच्या वर. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की अख्खा अर्धस्वर चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये जाऊन बसते. आवाज पातळ होतो, तान उगाच धावते, आणि नवा श्रोता म्हणतो, ‘त्या काळच्या बायका किती चिरक्या गात!’ त्या चिरक्या गात नव्हत्या. वेग न तपासता तबकडी फिरवणाऱ्याने त्यांना चिरके केले. साथीच्या पेटीची पट्टी ऐकून वेग पुष्कळदा जुळवता येतो. कानाला थोडे कष्ट द्यावे लागतात, एवढेच.

तिसरा गुन्हा सर्वांत मोठा, आणि त्याला कुठलेच तंत्र लागत नाही. तो आहे नावे न लिहिण्याचा.

येवगेनी म्राविन्स्की यांनी लेनिनग्राड फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेल्या चायकोव्हस्कीच्या शेवटच्या तीन सिंफनी बघा. ध्वनिमुद्रण 1960 सालचे. चौथी लंडनमध्ये झाली, पाचवी आणि सहावी व्हिएन्नात. त्या मुद्रणाच्या कितीतरी नव्या आवृत्त्या निघाल्या. साल, सभागृह, वाद्यवृंद, संचालक ही माहिती त्यांच्याबरोबर चालत आली. म्हणून ऐकणारा 1956 चे वाचन आणि 1960 चे वाचन शेजारी ठेवून वाद घालू शकतो. त्या वादातूनच संगीताचा इतिहास लिहिला जातो.

आता बनारसची ठुमरी घ्या. सारंगी कोणाची? तबला कोणाचा? साल कोणते? पुष्कळदा एकाही प्रश्नाला उत्तर नाही. ज्या शहराने कंठे महाराज, अनोखेलाल, सामताप्रसाद, किशन महाराज असे तबलजी दिले, गोपाल मिश्रांसारखे सारंगिये दिले, त्या शहराच्या गाण्यात साथीदार बिननावाचे! शहनाईच्या तबकड्यांवर ‘बिस्मिल्ला खाँ आणि पार्टी’. उमेदीच्या काळात थोरले बंधू शम्सुद्दीन खाँसाहेबांबरोबर वाजवत. दुक्कडवर कोणीतरी होता, मागे सूर धरून कोणीतरी बसला होता. ही सगळी माणसे ‘पार्टी’त जमा झाली.

तबकडीवर त्या काळी जागा कमी होती, हे मान्य. पण फोनवर जागेची कसली टंचाई? आणि नाव सांगण्याची रीत पहिल्या दिवसापासून होती. नोव्हेंबर 1902 मध्ये कोलकात्यात गौहरजान ध्वनिमुद्रणाला बसल्या. त्यांच्या लहानपणाची काही वर्षे बनारसमध्येच गेली होती. तीन मिनिटांचे गाणे संपवताना त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत, कारण तबकड्या छापायला हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना गायिका कोण ते कळायला हवे होते. कर्ण्यासमोर बसलेल्या बाईला जे सुचले, ते आज सगळी साधने हाताशी असणाऱ्यांना सुचू नये?

कायद्याचा आडोसाही इथे चालणार नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. म्हणजे 1960 च्या आधीच्या सगळ्या तबकड्या आज सर्वांच्या आहेत. कोणीही त्या काढाव्या, विकाव्या. पण सर्वांची वस्तू हाताळताना जबाबदारीही सर्वांवर येते. म्हणून चार गोष्टी मागतो. सफाई केलेल्या प्रतीशेजारी न घासलेली मूळ प्रत ठेवा. वेग आणि पट्टी काय धरली ते लिहा. तबकडीचा क्रमांक, साल आणि साथीदार द्या. नाव सापडले नसेल तर ‘अज्ञात’ लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला कळेल की शोध बाकी आहे. आणि नवा घुमारा, नवा ठेका काहीही चढवू नका.

हे जमत नाही असे कोणी सांगू नये. मुंबईत 1990 पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ची मंडळी तबकड्यांची माहिती गोळा करून छापत आली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीतसंग्रहालय 1982 मध्ये पुण्यातच सुरू झाले, पुढे ते दिल्लीकडे गेले. नोंद कशी ठेवावी याचे धडे घरातच आहेत. बालगंधर्वांच्या, केसरबाईंच्या तबकड्यांनाही हाच न्याय हवा.

आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांच्या तबकड्या असतील तर त्या भंगारात देऊ नका, उन्हात ठेवू नका, आडव्या थप्पीत रचू नका. उभ्या ठेवा. कागदी चकतीवरचा मजकूर आणि तिच्याभोवती कोरलेले आकडे वहीत उतरवा, आणि जाणत्या संग्राहकाला दाखवा. फोनवर एखादे जुने गाणे आवडले तर खाली एकच प्रश्न लिहा: सारंगीवर कोण आहे? हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर उत्तर द्यावेच लागेल.