पालकाला लाल दिवा

अहो वहिनी, ती पालकाची जुडी आधी आत ठेवून या. आमच्या ह्यांची नजर पडली तर इथेच, भिंतीपाशी, तुम्हाला अर्धा तास ऐकावं लागेल. हसताय काय! परवा दूधवाल्याला सुद्धा सोडलं नाही.

मुतखडा पडला ना त्यांचा, तेव्हापासून हे सुरू आहे. पडला तोही कसा, मध्यरात्री कंबरेतून कळ निघाली ती थेट जांघेपर्यंत. घामाघूम झाले, जमिनीवर गडाबडा लोळत होते. डॉक्टरांनी खडा तपासायला पाठवला तर कॅल्शियम ऑक्झलेट. बहुतेकांचा तोच असतो म्हणे. आणि होणार नाही तर काय? पनवेल ते सीएसएमटी सव्वा तासाच्या वर लोकल, डब्यात संडास-मुतारी नाही, म्हणून हा माणूस सकाळपासून पाण्याला शिवायचा नाही. वर मे महिन्यातला आपला पनवेलचा घाम!

मग भाच्याने मोबाइलमध्ये ऑक्झलेट दाखवणारं एक ॲप घालून दिलं. पदार्थाचं नाव टाकलं की हिरवा, पिवळा नाही तर लाल दिवा लागतो. साधारण दिवसाला १०० मिलिग्रॅम ऑक्झलेटच्या आत राहायचं, आणि अर्धा कप शिजलेल्या पालकात किती? हार्वर्डच्या यादीत ७५५! तुमची ती एक जुडी म्हणजे आमच्याकडची आठवड्याची बेगमी.

झालं, घरात दिवेच दिवे. बदाम लाल, काजू लाल, तीळ लाल, बीट लाल. एकादशीला तर कहर. राजगिऱ्याचा लाडू लाल, रताळं लाल, साबुदाणा बिचारा बरा, पण त्यातलं दाण्याचं कूट अडलं. म्हटलं, मग उपास कशाचा करायचा? तर म्हणतात, ‘दुधी खा.’ एकादशीला दुधी!

आणि खरी गंमत पुढेच. खड्याच्या नावात कॅल्शियम आहे ना, म्हणून ह्यांनी दूध-दही बंद केलं. कोरा चहा! आहारतज्ज्ञ बाईंनी चांगलंच झापलं. म्हणाल्या, अहो, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं नि शौचावाटे बाहेर काढतं. ते नसेल तर ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. १९९३ साली अमेरिकेत ४५,००० च्या वर पुरुषांची पाहणी झाली होती, त्यात आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांनाच खडे कमी झालेले दिसले. चहा प्यायचाच तर दूध घालून प्या. मीठ कमी करा, आणि पाणी एवढं प्या की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. दिवे बघत बसण्यापेक्षा हे बघा, म्हणाल्या. मला तर बाई फार आवडल्या.

कुळथाचं कढण? अहो, मीही तेच विचारलं! सासूबाई तर पानफुटीची पानं घेऊनच बसल्या होत्या. बाई म्हणाल्या, हैदराबादच्या पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात कुळथाच्या नावापुढेही ऑक्झलेट चांगलंच लिहिलंय, तेव्हा आवडीनं कधीतरी पिठलं खा, औषध म्हणून वाट्याच्या वाट्या पिऊ नका. सासूबाई अजून त्यांच्यावर रुसून आहेत.

पालेभाजी सोडायची गरज नाही हो, मेथी करते मी, चालते. पालक खायचाच झाला तर उकडून ते पाणी ओतून द्यायचं, बरंचसं त्यात निघून जातं.

पण त्या ॲपला आपलं काही म्हणजे काही ठाऊक नाही. परदेशातल्या कुठल्या कुठल्या भाज्यांचे आकडे तोंडपाठ, आणि शेवळं ही आपली रानभाजी टाकली तर ‘पदार्थ सापडला नाही’! पहिल्या पावसाच्या तोंडावर बाजारात ठाकरणी, कातकरणी घेऊन बसतात ना, मी बघितली की राहवत नाही. आता शेवळाची खाज म्हणजे तरी काय, ऑक्झलेटच्याच बारीक सुया, अळूसारख्या. म्हणून तर काकडाची आंबट फळं घालायची, नाही तर चिंच. आंबटाशिवाय शेवळं शिजवली तर घसा धरून बसाल. हे कुठल्या ॲपात असणार? भाच्याला म्हटलं, घाल की यादीत. तो म्हणतो, मावशी, घालतो, पण आकडा कुठून आणू?

ह्यांनी खाल्ली का? न खाऊन सांगतात कुणाला! सोडे घालून केली होती. आधी ‘मला नको’, मग ‘चवीपुरती वाढ’, मग चमचा सरळ पातेल्यात. वर वाटीभर दही, बाईंनी सांगितलंय ना! आणि जेवण झाल्यावर मोबाइल काढून त्यात नोंद काय केली माहितीय? ‘दुधी.’