झ्यूसची वंशावळ आणि सहावीचा वर्ग

अमेरिकेत सहावीच्या मुलांना प्राचीन ग्रीस नुसता शिकवून भागत नाही, तो त्यांच्याकडून करवून घ्यावा लागतो. मी लहानपणी ज्या शाळेत शिकले तिथे उपक्रम म्हणजे फळ्यावरचं वहीत उतरवणं. इथे उपक्रम म्हणजे कात्री, डिंक, लोकर आणि घरून आणलेल्या पांढऱ्या चादरी. चादरी देवांच्या अंगावर चढतात आणि देव बाकांवर.

सुरुवात वंशावळीपासून. पोटचा पोर गादीवरून उतरवणार असं भाकीत ऐकून झ्यूसचा बाप क्रोनस हेस्तिया, डिमीटर, हेरा, हेडीस आणि पोसायडन अशी पाच मुलं जन्मल्याबरोबर गिळतो. सहाव्या खेपेला त्याची बायको रिया त्याच्या हातात बाळंत्यात गुंडाळलेला दगड देते आणि झ्यूस वाचतो. इथे वर्गातली एक मराठी मुलगी "हा तर कंस!" म्हणून ओरडली. आजीची पुण्याई. पुढे बापाला ओकारी काढायला लावल्यावर शेवटी गिळलेलं आधी बाहेर येतं आणि हेस्तिया सर्वांत शेवटी. मग ती थोरली की धाकटी? अर्धा तास यात गेला. प्राचीन ग्रीकांनीही तिला दोन्ही म्हटलंय असं सांगितल्यावर मुलांनी तिचे दोन वाढदिवस मागितले, केकसकट.

तक्त्याची सूचना अशी, की भावंडांमध्ये निळी रेघ काढायची आणि नवरा-बायकोमध्ये लाल. झ्यूस आणि हेरा यांच्यामध्ये ती जांभळी झाली. झ्यूसच्या बाकीच्या लाल रेघा काढायला घेतल्या तेव्हा खडूच संपला.

"मिस, हे सगळं हेराला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर पुढच्या गोष्टी आहेत."

लोकरीचा चक्रव्यूह मी थोडक्यात आटोपते. ग्रीक कथेत अ‍ॅरियाड्नीने दिलेल्या धाग्याने थिसियस चक्रव्यूहातून सुखरूप बाहेर आला. आमचे सफाईवाले काका आले नाहीत.

खरा रंग भरतो तो हेराक्लीसच्या कामगिऱ्यांना. त्या बारा, हे सगळ्यांना ठाऊक. पण अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथात त्या मुळात दहाच होत्या. हायड्राची मुंडकी तोडताना पुतण्या आयोलाउस मानांना डाग देत होता, म्हणून युरिस्थियस राजाने ती कामगिरी मोजली नाही. ऑजियसचे गोठे नद्या वळवून एका दिवसात धुतले, पण हेराक्लीसने मोबदला म्हणून गुरांचा दहावा हिस्सा मागितला होता, म्हणून तीही बाद. वर दोन कामं वाढवून दिली. वर्ग खवळला. गटात काम केलं तर गुण कापतात का? युरिस्थियसवर खटला भरायचा ठरला, आणि आरोपीची भूमिका करणारा मुलगा, मूळ कथेतल्या राजासारखाच, कचऱ्याच्या मोठ्या डब्यात लपून बसला. आरोपीचं वकीलपत्र मी घेतलं. अख्ख्या ग्रीसमध्ये कॉपी पकडणारा हा एकच माणूस. त्याच्या बाजूने कोणीतरी उभं राहायला हवं.

पाठयोजनेत न येणारी गोष्ट मुलांनी स्वतः शोधून काढली. हेराक्लीसला वीणेसारखं वाद्य शिकवायला लिनस नावाचे गुरुजी होते. त्यांनी हात उगारला, शिष्याने तेच वाद्य त्यांच्यावर हाणलं, गुरुजी जागच्या जागी गेले. कोर्टात शिष्याने स्वसंरक्षणाचा कायदा दाखवला आणि निर्दोष सुटला. शिक्षा काय, तर गुरं राखायला पाठवलं. अकिलीसला आणि जेसनला वाढवणारा कायरॉनही याच हेराक्लीसच्या चुकलेल्या बाणाने घायाळ झाला. गुरू दोन, शिष्य एक. हे वाचून दाखवताना पोरांच्या चेहऱ्यावर जी चमक होती, ती ग्रीक लोकशाहीच्या धड्याला मला कधी दिसलेली नाही.

मुलांना यातलं बरंच आधीच ठाऊक असतं, कारण रिक रायर्डनचं २००५चं पर्सी जॅक्सनचं पहिलं पुस्तक आणि पुढचे भाग यांचा त्यांनी फडशा पाडलेला असतो. माझ्या उच्चारांतल्या चुका त्याच बळावर निघतात. हा रायर्डन पूर्वी शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचा. मग नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाला. शहाणा माणूस, वेळेत सुटला.

तुमचं मूल इकडच्या सहावीत असेल तर एवढंच सांगते: पुढच्या आठवड्यात मेदुसाचे मुखवटे आहेत. साप कागदाचे आणावेत.