पोचवणारे काका

हैदराबादेतल्या काचीगुड्याचे आमचे काका स्वतः जन्मात एकदाच विमानात बसले, पण विमानतळावर शे-दोनशे वेळा तरी गेले असतील. ते पोचवणारे. कुणाचा भाचा, कुणाची विहीण, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. विमानाने निघालेला कोणीही चालतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत कडीचा डबा, डब्यात दही.

बेगमपेटचा विमानतळ निजामाच्या काळातला, भर वस्तीत. काका रिक्षाने पोचत, दारातल्या बंदूकधारी जवानासमोर प्रवाशाच्या तळहातावर चमचाभर दही घालत, जवानालाही विचारत आणि चहाच्या वेळेला घरी. डोक्यावरून विमान गेलं की काकूंना सांगत, "गेला बघ!" ते विमान भलतीकडचंच असे, पण काकांचं समाधान होई.

मार्च 2008 मध्ये शमशाबादचा नवा विमानतळ सुरू झाला आणि बेगमपेटची प्रवासी विमानं एका रात्रीत बंद झाली. 150 किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ चालवायचा नाही, असं करारातच होतं. "हौ, म्हणजे सून सासूला बाहेर काढायची अट घालूनच आली म्हणा की," काका म्हणाले. धावपट्टी 4,260 मीटर लांब आहे असं मी कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "धावपट्टी लांब केली ते ठीक. विमानतळ कशाला लांब केला?"

पण खंड पडला नाही. पुढच्या वर्षी मेहदीपट्टणम ते आरामघर असा साडेअकरा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला, तेव्हापासून काका वाट वाकडी करून त्यावरूनच टॅक्सी नेतात. कारण पुलाला नाव पी. व्ही. नरसिंह रावांचं. त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली, हे टॅक्सीवाल्याला दर खेपेस सांगितलं जातं. तो लक्षात घेत नाही.

तोवर इकडे डब्यात दह्याचं ताक होत असतं. दारापाशी गाडी उभी राहते न राहते तोच शिट्टी वाजते: चला, चला! त्या गडबडीत काका ओंजळ पुढे करायला लावतात. पासपोर्ट ओला झालेली माणसं आमच्या नात्यात तीन आहेत.

हैदराबादहून तुमचं विमान असेल तर काकांना कळवू नका. कळलंच, तर सहा तास आधी तयार राहा आणि पासपोर्ट वरच्या खिशात ठेवा.