गवत कापायचं बिल

मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली आणि कित्येक गावांच्या गायरानावर सौर पॅनेलं बसली, भोवती तारेचं कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. शेतीपंपाला दिवसा वीज मिळाली तर मध्यरात्री बॅटरी घेऊन, विंचवाकाट्यातून मोटर चालू करायला जायची पाळी कुणावर येणार नाही. पण जीआरची प्रत गवताला कुणी दिलेली दिसत नाही. पाऊस पडला की ते उगवतं आणि श्रावणात पॅनेलला टेकतं. सावली पडली की वीज घटते. तेच गवत उन्हाळ्यात वाळलं की आगीची धास्ती. मग ग्रासकटर आला, मजूर आले, तणनाशकाचे कॅन आले, आणि पाठोपाठ बिलं. ज्यांच्या चराईसाठी ही जमीन राखली होती ती मेंढरं कुंपणाबाहेर उभी राहून हा खर्च बघतात.

अमेरिकेत सौर प्रकल्पवाले मेंढपाळाला पैसे मोजून कळप आत घेतात. यंत्र जिथं पोचत नाही तिथं, खांबाच्या बुडाशी, मेंढीचं तोंड पोचतं. ऊन चढलं की ती त्याच पॅनेलखाली रवंथ करत बसते. शेळीला मात्र प्रवेश नाही, कारण ती पॅनेलवर चढते आणि वायरी चावते. (पहिल्या महायुद्धात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. गवत कापायची मजुरी वाचली आणि लोकरीच्या लिलावाचे पैसे रेड क्रॉसला गेले.)

आता यासाठी अभ्यासदौऱ्याची फाइल हलवू नका. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाटावरून खाली उतरू लागले की आपल्याच गावात हात जोडले जातात, "पाव्हणं, औंदा आमच्या रानात कवा बसवताय?" रात्रभर मेंढरं बसली की लेंडीखत आणि मूत रानातच पडतं, त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, रोख देतो, वर चहाही पाजतो. हाच शेतकरी ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसला की त्याच मेंढरांना कोंडवाडा दाखवतो आणि शाळेच्या मैदानातलं गवत कापायचं बिल मंजूर करतो.

चराईबंदीवाले हरकत घेतील. त्यांचं निम्मं खरं आहे. हिवरेबाजार गावानं चराईबंदी केली ती उतारावरची माती धरून ठेवायला, आणि तिथंही विळ्यानं गवत कापून न्यायची मुभा ठेवली. म्हणजे गवत शेवटी जनावराच्याच पोटात गेलं. बाकीच्यांनी बंदी तेवढी उचलली, विळा विसरले. एकाच जागी कळप कोंडला तर तो मुळापर्यंत कुरतडतो, हे कबूल. म्हणून पाळी लावायची आणि बी गळेपर्यंत एक तुकडा राखायचा. हे धनगराला शिकवायला कुणी जाऊ नये. त्याचा वाडा चार दिवस एका जागी टिकत नाही, तो काय हौसेनं?

तेव्हा गायरान प्रकल्पाला द्यायचंच असेल तर ग्रामसभेनं ठरावात दोन ओळी वाढवाव्यात. कुंपणाला मेंढरं आत जातील एवढं फाटक, आणि गवत आटोक्यात ठेवायची मजुरी आधी गावच्या कळपाला. दर काय लावायचा, यासाठी समिती नको. सरपंचांनी घरची वही उघडावी. गेल्या साली आपल्या रानात मेंढरं बसवली तेव्हा रात्रीला काय दिलं, ते तिथं लिहिलेलं असेल.